पाचव्या न्यायमूर्तींचं पान

१

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. स्टेनोमावशींनी ती चौतीस वर्षं रोज चढली, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय काही गेली नव्हती. हल्ली फक्त उजवा गुडघा कुरकुर करायचा. पण त्या शुक्रवारी त्यांनी गुडघ्याचंही ऐकलं नाही, कारण सकाळी रजिस्ट्रारसाहेबांचा फोन आला होता आणि ते चक्क "जरा येता का?" असं म्हणाले होते. हा माणूस एरवी बायकोलाही लेखी कळवणारा.

रजिस्ट्रारसाहेब दुसऱ्या मजल्यावर, जुन्या निकालांच्या अभिलेख खोलीत उभे होते. मावशी टेबलामागच्या उंच खुर्चीत बसल्या. त्यांची उंची बेताची, त्यामुळे त्या खुर्चीत पाय लोंबकळायचे. ते सवयीने टेबलाखाली चाचपडले, तिथल्या जाडजूड ग्रंथावर टेकले आणि गुडघ्याला बरं वाटलं. समोरच्या भिंतीवर तीन नियमांची पाटी होती: इथे खाऊ नये, बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, पुस्तकांवर पाय ठेवू नये. तिसरा नियम खास मावशींसाठी वाढवलेला होता, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

"फाइल गेली, मावशी," रजिस्ट्रारसाहेब म्हणाले. "शिंपीणबाईची."

शिंपीणबाईचा निकाल कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ होता. एकतीस वर्षांपूर्वी सरकारने रस्ता रुंद करायला एका शिंपीणबाईचं घर, शिलाई मशीनसकट, एका सकाळीत पाडलं. ना नोटीस, ना विचारणा. बाई कोर्टात आली. पाच न्यायमूर्ती बसले, आणि तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला: सरकारला रस्ता करायचा अधिकार आहे, पण कुणाचं काही घ्यायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे.

"सोमवारी मोठं खंडपीठ बसतंय," साहेब म्हणाले. "नव्या कायद्यात सरकारला न विचारता ताबा घ्यायची मुभा आहे. सरकारचं म्हणणं असं की, त्या तिघांतले पाचवे न्यायमूर्ती फक्त त्या बाईला भरपाई द्यायला राजी होते, तत्त्वाला नव्हते. आणि त्यांच्या वेगळ्या मताचं पान छापील पुस्तकात नाहीच."

"कसं असेल? त्यांनी ते मला टाइप करायलाच दिलं नाही. स्वतःच्या हाताने लिहिलं आणि तसंच फायलीला लावलं. मीसुद्धा ते वाचलेलं नाही."

"म्हणजे तुमच्या लघुलेखनाच्या वहीतही नाही?" साहेबांचा चेहरा पडला. "मग संपलंच. काल खंडपीठाने फाइल मागवली, तर जागेवर नाही. मी कुलूपभाऊंना मेमो दिलाय. पाच वाजता निलंबनाच्या हुकमावर सही करायची आहे."

कुलूपभाऊ म्हणजे अभिलेखपाल. खोलीची एकच किल्ली, ती त्यांच्या कमरेला. हात धुवायला गेले तरी कुलूप लावून जाणार, म्हणून हे नाव. माणूस नाकासमोर चालणारा. त्यांच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले होते.

"भाऊंना?" मावशींचा आवाज चढला. "मेमोत विचारलंत तरी काय?"

साहेबांनी कागद पुढे केला. 'बुधवारी खोली बंद करताना फाइल तिच्या गठ्ठ्यात होती काय? हो किंवा नाही एवढेच लिहावे.' खाली भाऊंच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता. नाही.

"ही कबुलीच झाली," साहेब म्हणाले.

"साहेब, ज्या निकालाची फाइल हरवलीय, त्यात काय लिहिलंय ते वाचलंयत ना?"

साहेब खोकले.

"मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या. मी काही पोलीस नाही. मी फक्त ऐकते. जन्मभर तेच केलंय."

"देतो. पण एक सांगून ठेवतो," साहेब दाराशी थांबले. "फायली बघणाऱ्यांच्या वहीत शेवटची सही शिंपीणबाईच्या मुलीची आहे. आणि तिला इथे तुम्हीच आणलं होतंत."

२

सरकारी वकील खाली कँटीनमध्ये सापडला. तरुण, हुशार, आणि कपाळावर कायम आठी. त्याच्या पहिल्या खटल्याच्या दिवशी हातपाय गळाले होते, तेव्हा मावशींनीच त्याला पाणी पाजलं होतं. त्यामुळे तो त्यांच्यापुढे वकिली करत नसे.

"फाइल हरवली तर फायदा तुझाच," मावशींनी बसल्या बसल्या टाकलं.

"आहेच. लपवू कशाला?" त्याने कप बाजूला सरकवला. "मंगळवारी मी ते पान वाचलंय, मावशी. काय आहे ते विचारू नका, माझं अशील सरकार आहे. पण इतकं सांगतो, ते पान समोर असताना भांडायची मी तयारी केलीय. ते पळवून जिंकलो तर आरशात तोंड कसं बघू?"

चौतीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्या की खोटं बोलणारा कुठे श्वास घेतो ते कळायला लागतं. हा पोरगा खोटं बोलत नव्हता.

"मंगळवारी वाचून झाल्यावर फाइल कुठे ठेवलीस?"

"भाऊंच्या हातात दिली. बुधवारी सकाळी एक तारीख बघायला परत गेलो, तर गठ्ठ्यात नव्हती. टेबलावर एका जाड पुस्तकाखाली दाबून ठेवली होती. मी विचारलं, तर म्हणाले, लोक पानांचे कान मुडपतात. कुठलीही फाइल वाचून झाली की एक रात्र वजनाखाली ठेवायची, कान सरळ झाले की मगच गठ्ठ्यात."

मावशींना हसू आलं आणि रागही आला. मेमोतलं ते 'नाही' हे होतं तर! फाइल गठ्ठ्यात नव्हतीच, कारण नियमाप्रमाणे ती गठ्ठ्यात असायलाच नको होती. पण हे साहेबांना सांगायला त्या बाबाला कुणी जागाच ठेवली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

तरी प्रश्न उरलाच. वजनाखालची फाइल गेली कुठे?

३

शिंपीणबाईची मुलगी आता शाळेत शिकवत होती. खटल्याच्या वेळी ती नऊ वर्षांची होती, आणि कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसून पाढे म्हणायची. मावशी जाता-येता तिला गोळी द्यायच्या. दोन महिन्यांपूर्वी तिची आई गेली, आणि आईची सही एकदा बघायची म्हणून ती बुधवारी मावशींबरोबर आली होती.

मधल्या सुट्टीत दोघी शिक्षकांच्या खोलीत बसल्या. खडूची धूळ, तपासायच्या वह्यांचे ढीग आणि डोक्यावर कुईं-कुईं करणारा पंखा.

"मावशी, तुम्हाला वाटतं मी घेतली?" तिने सरळच विचारलं.

"मला काय वाटतं ते सोड, पोरी. तू सांग, मी ऐकते."

"मोह झाला होता. खोटं कशाला बोलू? आईला लिहिता येत नव्हतं. कोर्टातल्या अर्जासाठी ती महिनाभर सही गिरवत होती, माझ्याच पाटीवर. ती सही बघितली आणि..." तिचे डोळे भरले. "त्या सहीच्या पानाची प्रत मागितली, तर भाऊ म्हणाले, अर्ज करा. मी नकळत पानाचा कोपरा मुडपला होता. त्यांनी तो बोटांनी सरळ केला, फाइल मिटली आणि टेबलावर पालथी ठेवली. मग बाजूला वाळवी लागलेल्या पुस्तकांची चळत होती ना, बाईंडरकडे जायची, ती सगळी उचलून तिच्यावर ठेवली. म्हणाले, आज भरपूर वजन आहे, उद्यापर्यंत इस्त्री होईल."

"आणि मी कुठे होते तेव्हा?"

"तुम्ही पुढे निघाला होतात. गुडघा दुखतो, जिना उतरायला वेळ लागतो म्हणालात."

खरंच की. जिन्याच्या अर्ध्यावर आपली पिशवी कुणीतरी हातातून घेतल्याचं मावशींना आठवलं. त्या चटकन उठल्या.

"कुठे निघालात?"

"ज्याला सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, त्याला विचारायला," मावशी म्हणाल्या.

४

साडेतीन वाजत आले होते. कुलूपभाऊ अभिलेख खोलीत स्टुलावर बसून आपल्या वस्तू एका पिशवीत भरत होते: चष्म्याचं घर, पितळी पेपरवेट, कापूस, सुईदोरा. मावशींना ते बघवेना. त्या उंच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बुधवारी माझी पिशवी घेऊन खालपर्यंत कोण आलं होतं?"

भाऊंनी सुईदोरा पिशवीत टाकला.

"आणि तेव्हा या दाराला कुलूप होतं का?"

भाऊंनी पिशवीचा बंद ओढला, सोडला, पुन्हा ओढला. शेवटी म्हणाले, "नव्हतं."

"तुम्ही? कुलूप न लावता?"

"तुम्ही तिसऱ्या पायरीवर अडखळलात, बाई. मी दारातून बघितलं. कुलूप लावत बसलो असतो तर तुम्ही पडला असतात. दहा मिनिटं खोली उघडी राहिली. आयुष्यात एकदा. परत आलो, तर बाईंडर मागच्या जिन्याने येऊन पुस्तकं घेऊन गेला होता. टेबलावर त्याची पावती होती. आणि फाइल नव्हती."

"म्हणजे त्यानेच नेली की!"

"मलाही तेच वाटलं. तिथल्या तिथे फोन केला. पण पावती बघा." त्यांनी खिशातून चिठोरं काढलं. 'नग ९' एवढंच त्यावर होतं. "माझ्या यादीत नऊ पुस्तकं, त्याने नेले नऊ नग. फाइल नेली असती तर दहा झाले असते. तो म्हणाला, दोनदा मोजलेत. म्हणजे त्या दहा मिनिटांत दुसरंच कुणीतरी येऊन गेलं. काल सकाळपासून सगळी कपाटं पालथी घातली."

"हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"हो किंवा नाही एवढंच लिहा म्हणाले."

"तोंडी सांगायचं!"

"काय सांगू?" भाऊ पहिल्यांदाच चिडले. "मावशींच्या गुडघ्यापायी कुलूप उघडं टाकलं, असं लिहून देऊ? म्हणजे उद्या चौकशीत तुमचं नाव, त्या पोरीचं नाव. तुम्हा दोघींना ओळीने उभं करतील. माझे अकराच दिवस राहिलेत. जाऊ दे."

हा माणूस एकतीस वर्षं मावशींशी थुंकीवरून, शेंगदाण्यांवरून, पायांवरून भांडत आला होता. आणि आता अब्रू जायची वेळ आली तर तोंडातून शब्द काढत नव्हता. "तुम्ही ना, अगदी..." त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्दच सापडेना. त्यांनी संतापून पाय आपटला.

पाय पुस्तकावर आपटला.

मावशी थिजल्या. मग हळूच वाकून त्यांनी टेबलाखाली बघितलं. जाडजूड ग्रंथ, कडांना वाळवीने कुरतडलेली नक्षी.

"भाऊ, हे पुस्तक इथे कधीपासून आहे?"

"बुधवारपासून. तुम्हीच चळतीतून सरकवलं असणार, दुसरं कोण? शोधताना दिसलं होतं मला. म्हटलं, राहू दे. गुडघा दुखतोय तुमचा."

"अहो देवमाणसा!" मावशी ओरडल्या. "तुमच्या यादीत वाळवीची पुस्तकं नऊ. त्यातलं एक माझ्या पायाखाली. मग चळतीत उरली किती?"

भाऊंनी हातातल्या पावतीकडे बघितलं. "आठ."

"आणि बाईंडरने मोजले नऊ. दोनदा! आठ पुस्तकं आणि तळाशी पालथी पडलेली फाइल. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

भाऊंनी तोवर फोन लावला होता. पलीकडे घंटी वाजत राहिली.

"उचलत नाही," ते म्हणाले. "बाई, आज शुक्रवार. शुक्रवारी दुपारी तो कापायचं मशीन चालवतो. बांधायच्या आधी प्रत्येक नगाच्या तिन्ही कडा अर्धं अर्धं बोट छाटतो."

"पाचव्या न्यायमूर्तींना समास सोडायची सवय नव्हती," मावशी म्हणाल्या. "ते पार कडेपर्यंत लिहायचे."

५

बाईंडरचं दुकान मागच्या दुसऱ्या गल्लीत होतं. धडधाकट माणसाला चार मिनिटं, मावशींना एरवी पंधरा. त्या दिवशी त्या सातव्या मिनिटाला पोचल्या. एका हाताने भाऊंचा दंड धरला होता आणि तोंडाने गुडघ्याला शिव्या चालू होत्या. निघताना भाऊंनी कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं, तेव्हा "आता लावा दहा कुलपं!" असं मावशी म्हणाल्या होत्या खऱ्या, पण थांबल्याही होत्या.

दुकानात खळीचा वास होता आणि मशीनची धाडधाड. बाईंडर पाठमोरा. आठ पुस्तकं छाटून, गोरीगोमटी होऊन एका बाजूला रचलेली. नववा नग पात्याखाली शिकंज्यात आवळलेला, आणि बाईंडरचा हात दांड्यावर.

"थांब!" मावशींचा आवाज. एकेकाळी या आवाजाने भर कोर्टात दोन वकिलांना गप्प केलं होतं: एकेकाने बोला, मला लिहायचं आहे.

बाईंडरने दचकून हात काढला. "काय झालं मावशी?"

"तुझ्या पात्याखाली काय आहे माहीत आहे?"

"पुठ्ठा, दोरा, धूळ. सगळ्यांचं तेच असतं." त्याने शिकंजा सैल केला. "मी वाचत नाही हो. वाचत बसलो तर बांधू कधी? शिवण जरा कच्ची वाटली, म्हणून हा शेवटी घेतला. नाहीतर सकाळीच उरकला असता."

भाऊंनी फाइल दोन्ही हातांनी उचलली. नुसतेच तिच्यावरून रुमाल फिरवत राहिले, मग तोच रुमाल डोळ्यांना लावला. बाईंडर बिचारा ओशाळून म्हणाला, "नऊच होते हो. मी दोनदा मोजले."

"बरोबर मोजलेस रे बाबा," मावशी म्हणाल्या. "तीच तर पंचाईत झाली."

६

पाचला सहा मिनिटं कमी असताना तिघं रजिस्ट्रारसाहेबांसमोर उभे राहिले. तिघं, कारण बाईंडर 'माझंही ऐकून घ्या' म्हणत मागोमाग आला होता.

मावशींनी सगळं सांगितलं. आपले पायही वगळले नाहीत. "गुन्हेगार मी आहे. तीस वर्षं जो नियम मोडत आले, त्यानेच दगा दिला. करा मला निलंबित."

"तुम्ही निवृत्त आहात," साहेब हताशपणे म्हणाले. "तुम्हाला काही करता येत नाही." त्यांनी फाइल उघडली आणि शेवटचं पान काढलं. निळी शाई, कडेपर्यंत गेलेलं बारीक अक्षर. चष्मा लावून ते मोठ्याने वाचू लागले.

'सरकारचा अधिकार मला मान्य आहे. पण विचारणे हे अधिकार वापरून झाल्यावर करायची मेहेरबानी नव्हे. ते आधी. या बाईचे घर पाडले तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही, म्हणून तिची संमती होती असे सरकार म्हणते. ज्याला कुणी विचारलेच नाही, त्याच्या गप्प बसण्याला कबुली म्हणू नये. हे फक्त या घरापुरते नाही. प्रत्येक घराला हाच नियम.'

सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या दोन वाक्यांत होतं. पण साहेबांचं बोट त्याआधीच्या वाक्यावर थांबलं होतं. टेबलावर, फायलीशेजारीच, तो मेमो पडला होता. हो किंवा नाही एवढेच लिहावे.

साहेबांनी निलंबनाचा हुकूम उचलला आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग उठून स्वतःच्या हाताने एक खुर्ची पुढे ओढली.

"भाऊ, बसा," ते म्हणाले. "चुकलं माझं. तुमचं काय म्हणणं आहे ते आता सांगा. जितकं असेल तितकं."

भाऊंनी मावशींकडे बघितलं. मावशींनी मान हलवली. मग भाऊ बसले आणि बोलायला लागले, ते थांबेचनात. बुधवारचं सांगितलं, तिथून दुसऱ्या किल्लीवर आले, मग वाळवीवर, अकरा वर्षं मागितलेल्या दिव्यावर, गळक्या खिडकीवर. साहेब लिहून घेत होते. सहा वाजून गेले तरी लिहीत होते. मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या, आणि आज पहिल्यांदाच हातात पेन्सिल नाही याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

सोमवारी खंडपीठासमोर ते पान सरकारी वकिलानेच वाचून दाखवलं. आवाज खणखणीत होता. वाचून झाल्यावर तो भांडलाही जीव तोडून, आणि हरला. नियम प्रत्येक घराला राहिला. शिंपीणबाईच्या मुलीने तोवर रीतसर अर्ज केला होता. आईच्या सहीची प्रत भाऊंनी तिला दिली, कोपरा सरळ करून.

त्या दुपारी मावशी अभिलेख खोलीत गेल्या. उंच खुर्चीत बसताना त्यांनी यावेळी निग्रहाने पाय लोंबकळत ठेवले. पण ते कशाला तरी लागलेच. त्यांनी वाकून बघितलं. एक बुटकं लाकडी स्टूल होतं, वरून बाईंडरने जाड कापड चढवलेलं, अगदी त्यांच्या पायांच्या मापाचं.

भाऊ पाठमोरे, गठ्ठा बांधण्यात गुंतल्याचं सोंग करत होते. टेबलावर वही उघडी होती आणि टपोऱ्या अक्षरात ताजी नोंद होती: 'नग १. पायांसाठी. मावशींना विचारून केलेले नाही, याबद्दल त्यांचे काही म्हणणे असल्यास ऐकून घेतले जाईल.'

मावशींनी पेन उचललं. बराच वेळ काही दिसेना, म्हणून चष्मा पुसला. मग खाली लिहिलं, 'काही म्हणणे नाही,' आणि सही केली.